मागच्याची गाडी निघाली पाहिजे : मेजर रामा राघोबा राणे यांची आठवण



आज पिकाची नोंद दोन ओळींत संपते. परतीच्या पावसात नाल्यावरची मोरी खचली. पपईची गाडी शेतापर्यंत आली नाही आणि तोडलेला माल दीड दिवस बांधावर पडून राहिला. झाली नोंद.

पण त्या दीड दिवसात जे घडलं त्यावरून ही पोस्ट लिहितोय. मोरी खचल्याचं कळताच सगळ्यांत आधी कोण आलं असेल, तर आमच्या शिवारातले फौजी आप्पा. वय सत्तरच्या पुढे, खांद्यावर टिकाव, हातात फावडा. मोरीच्या बाजूचा काठ तिरपा कापायचा, खाली दगड-मुरूम टाकायचा आणि नाल्यातूनच वळण काढायचं, हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवलं. चार जण भिडलो. दुपारी तीनला माझा ट्रॅक्टर ट्रॉलीसह पलीकडे गेला. मी हात झटकले आणि निघालो. आप्पा मात्र खालीच.

मी म्हटलं, "आप्पा, झालं की. चला आता."

आप्पा वर न बघताच म्हणाले, "तुनी गाडी निंघनी, मांगलासनं काय?"

ट्रॅक्टरचं चाक मोठं असतं, तो कुठूनही निघतो. मागे दोन बैलगाड्या होत्या, दुधाची मोटरसायकल होती, शाळेची पोरं होती. आप्पांनी अंधार पडेपर्यंत ते वळण नीट केलं. मग चहा पिताना म्हणाले, "हे मी खडकीला शिकलो. आमच्या राणेसाहेबांचं काम असंच होतं." आप्पा बॉम्बे सॅपर्समधले. सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनिअर जवान. पूल बांधणे, रस्ता काढणे, सुरुंग पेरणे आणि पेरलेले काढणे, हे त्याचं काम.

राणेसाहेब कोण, हे मला नीट माहीत नव्हतं, आणि त्याची लाज वाटली. मग वाचलं, आप्पांना पुन्हा पुन्हा विचारलं. ते सगळं आज तुमच्यापुढे ठेवतो.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव चेंडिया, कारवारजवळ, समुद्राच्या कडेला. आज ते कर्नाटकात आहे. तेव्हा कारवारकडचा कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि आपला नंदुरबारही त्याच इलाख्यात, पश्चिम खान्देश जिल्ह्यात. म्हणजे तो सह्याद्रीपलीकडचा किनारा आणि हे सातपुड्याचं पायथ्याचं रान, दोन्हींचा कारभार तेव्हा एकाच सरकारकडे.

वडील पोलिसात. सारख्या बदल्या, त्यामुळे शिक्षण तुकड्या-तुकड्यांत झालं. १९३० साली गांधीजींच्या चळवळीचं वारं आलं आणि बारा वर्षांचा रामा त्याकडे ओढला गेला. पोलिसाचा मुलगा चळवळीत जाणं म्हणजे घराला घोर. वडिलांनी कुटुंब परत चेंडियाला हलवलं.

याच मुलाने दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, इंग्रजांच्या फौजेत नाव नोंदवलं, बॉम्बे इंजिनिअर्समध्ये. इथे थोडं थांबून विचार करावा असं मला वाटतं. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये बालशहीद शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या दिवशी राणे त्याच इंग्रज सरकारच्या फौजेचा गणवेश घालून होते. एक झेंडा घेऊन रस्त्यावर, दुसरा बंदूक घेऊन फौजेत. आज आपण दोघांनाही मान देतो आणि ते बरोबरच आहे. त्या काळात देश एकाच वाटेने चालला नव्हता. कोण कुठल्या वाटेने गेला, यावर माणसाची किंमत करू नये.

प्रशिक्षणात राणे सर्वोत्तम रिक्रूट ठरले. पुढे ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढायला गेले. तिथे बुथिडाँगला फौज मागे हटत असताना दारूगोळ्याचा साठा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो उडवायचं काम त्यांच्याकडे दिलं. सोबत दोन सेक्शन, म्हणजे मोजकीच माणसं. साठा उडवायचा आणि मग नौदलाची बोट येईल तिच्यातून निघायचं, असं ठरलेलं. साठा उडाला, बोट आलीच नाही. पलीकडे नदी, नदीवर जपान्यांची गस्त. राणेंनी आपली माणसं घेऊन ती नदी पार केली, गस्त चुकवली आणि चालत आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. त्यानंतर ते हवालदार झाले, पुढे जमादार आणि १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट. साधा शिपाई म्हणून भरती झालेला माणूस साडेसात वर्षांत अधिकारी झाला.

आता मुख्य गोष्ट.

ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर हल्ला झाला. नोव्हेंबरमध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हाती गेली. तिथल्या लोकांचे फार हाल झाले. १८ मार्च १९४८ ला भारतीय सैन्याने झांगड परत घेतलं आणि पुढचं लक्ष्य राजौरी ठरलं. नौशेराहून राजौरीला जाणारी वाट म्हणजे जुना मुघल मार्ग. डोंगराच्या कडेकडेने जाणारी, अरुंद, वळणावळणाची. आपल्यातल्या ज्यांनी तोरणमाळचा घाट पावसात चढलाय, त्यांना कल्पना येईल. शत्रूने या वाटेवर चीडची मोठमोठी झाडं आडवी पाडली होती, मोऱ्या उडवल्या होत्या, कडा तोडल्या होत्या आणि मधल्या जागेत सुरुंग पेरले होते. वर डोंगरावर मशीनगन. टँक आहेत, माणसं आहेत, पण रस्ता नाही.

रस्ता काढायचं काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडे आलं. तुकडीचे प्रमुख सेकंड लेफ्टनंट राणे, वय २९.

पुढचे चार दिवस त्यांच्या परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात जवळजवळ तासावारी नोंदलेले आहेत. आप्पा म्हणतात तसं, मुकादमाच्या हजेरीपुस्तकासारखे.

८ एप्रिल. नौशेराच्या पुढे बरवालीची टेकडी घ्यायची होती. डोगरा पलटण पुढे आणि राणेंची माणसं सुरुंगाच्या पट्ट्याजवळ थांबलेली. तेवढ्यात तोफगोळ्यांचा मारा झाला. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले दोन जवान जागीच गेले. पाच जखमी झाले, त्यांत राणे स्वतः. त्यांनी उरलेल्या माणसांची पुन्हा जुळणी केली आणि काम सुरू केलं. दिवसभर टँकजवळ राहिले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास टेकडी हातात आली. आसपास शत्रू अजून होता, तरी ते पुढे गेले आणि टँकसाठी वळण रस्ता कापू लागले. रात्री दहापर्यंत.

९ एप्रिल. सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वळण तयार. मग सगळ्यांत पुढच्या गाडीत बसून निघाले. अर्धा मैल गेले तर झाडांचा अडथळा. उतरले, झाडं सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डावर पुन्हा तेच. पुढे उडवलेली मोरी. कामाला हात लावायच्या आत मशीनगन सुरू झाली. तरी बाजूने वळण काढलं. सव्वासहाला उजेड कमी झाला तेव्हा समोर पाच मोठी चीडची झाडं, भोवती सुरुंग आणि वरून गोळीबार. तेही काढायला बसले होते, पण रणगाड्यांच्या प्रमुखांनी परिस्थिती बघून रात्रीपुरता मुक्काम केला.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला तो अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि तुटलेल्या कडांची रांगच. साडेदहापर्यंत तेही मोकळं.

इथे टँकना तवी नदीचं पात्र मिळालं. टँक रस्ता सोडून पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. चिंगस म्हणजे मुघलांची जुनी सराई. बादशहा जहांगीर काश्मीरहून परतताना वाटेत वारला तेव्हा त्याची आतडी तिथे पुरली, असं सांगतात.

टँक पोचले. आता राणेंचं काम संपलं, असं कुणीही म्हणालं असतं. जखम अंगावर, तिसरा दिवस, पोटात अन्न नाही. पण नदीच्या पात्रातून टँक जातो, ट्रक जात नाही. शिधा, दारूगोळा, औषधं, जखमींना परत आणायच्या गाड्या, हे सगळं मागे रस्त्यावरच उभं होतं. राणे मागे राहिले. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत, खाणं नाही, विश्रांती नाही, रस्ता मोकळा करत राहिले. ११ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा लागले. सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. आणि त्यानंतरही रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता.

हिशोब करून बघा. टँक चिंगसला पोचले १० तारखेला दुपारी दोनला. रस्ता खुला झाला ११ तारखेला सकाळी अकराला. मधले एकवीस तास. आप्पा म्हणतात, "परमवीर चक्र मिळालं ते सगळ्या चार दिवसांसाठी. पण मला विचारशील तर ते या एकवीस तासांत आहे." माझी ट्रॉली निघाल्यावर आप्पा खाली नाल्यात का थांबले, ते मला तेव्हा कळलं.

१२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरलं. १३ एप्रिल हा दिवस राजौरीत आजही मुक्तीचा म्हणून पाळतात.

सुरुंग काढणं म्हणजे नक्की काय, हेही आप्पांकडून समजून घेतलं, कारण ते मातीचंच काम आहे. आधी नजर. कुठली माती अलीकडे हलवलेली आहे, कुठलं गवत सुकलंय, कुठे ढेकळाचा रंग वेगळा आहे. मग पालथं पडून संगीन तिरपी धरायची आणि हळूहळू जमिनीत सरकवायची. उभी खुपसली तर सुरुंगाच्या माथ्यावर दाब येतो आणि खेळ संपतो. तिरपी गेली तर ती सुरुंगाच्या कडेला लागते. कडक काही लागलं की बोटांनी माती बाजूला करायची. आपण निंदणी करताना रोपाच्या मुळाला धक्का लागू नये म्हणून खुरपं तिरपं धरतो, तसंच. फरक एवढाच की इथे चूक एकदाच होते.

एक गोष्ट राणेंबद्दल फार सांगितली जाते, की ते टँकच्या खाली सरपटत गेले आणि दोरी ओढून चालकाला खुणा करत सुरुंगाच्या पट्ट्यातून टँक नेला. प्रशस्तिपत्रात ती नाही. आप्पांना विचारलं तर हसले. म्हणाले, "जे कागदावर आहे तेवढंच कर म्हटलं तर किती जणांना जमेल?"

१९४७-४८ च्या युद्धासाठी पाच परमवीर चक्रं दिली गेली. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग आणि कंपनी हवालदार मेजर पीरूसिंग यांना मरणोत्तर. लान्सनाईक करमसिंग आणि राणे हे दोघंच ते पदक स्वतः घेण्यासाठी जिवंत राहिले. या पदकाची रचनाही एका मराठी घरातली. सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी, सैन्यातले अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी.

जिवंत राहिलेल्या वीराबद्दल आपण कमी बोलतो, असं माझं मत झालंय. शहीद झालेल्याचं स्मारक होतं, तिथी पाळली जाते, आणि ती पाळायलाच हवी. पण जो परत आला, त्याला त्यानंतर रोज सकाळी उठायचं असतं. दोन साथी आपल्या डोळ्यांदेखत गेले आणि आपण राहिलो, हे घेऊन संसार करायचा असतो.

राणेंनी तो केला. ३ फेब्रुवारी १९५५ ला पुण्यात शिवाजीनगरला त्यांचं लग्न झालं. पत्नीचं माहेरचं नाव लीला, लग्नानंतर राजेश्वरी. चार मुलं झाली. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. सैन्याने त्यांना पुन्हा कामावर घेतलं आणि १९७१ च्या एप्रिलपर्यंत ते काम करत राहिले. नंतर पुणं. ११ जुलै १९९४ ला पुण्यातच गेले, वय ७६.

हिशोब पुन्हा करा. रणांगणावरचे ते दिवस चार. त्यानंतरचं आयुष्य ४६ वर्षांचं, त्यातला संसार ३९ वर्षांचा. चार दिवसांची नोंद तासा-मिनिटांची आहे. ३९ वर्षांच्या संसाराला प्रशस्तिपत्र नसतं. मुलांच्या फिया, आजारपणं, बदलीच्या गावी पुन्हा मांडलेली चूल, पेन्शनचा हिशोब, यांची वेळ कुणी लिहून ठेवत नाही. फौजी माणसाच्या घरात तर अर्धी वर्षं हे सगळं एकट्या बाईनेच ओढलेलं असतं. आपल्या गावातल्या कुठल्याही फौजीच्या घरी जाऊन विचारा, तो सीमेवर असताना पेरणी कुणी केली, सोसायटीचं कर्ज कुणी फेडलं, सासूचं दुखणं कुणी काढलं. उत्तर एकच मिळेल. आप्पांनाही विचारलं होतं. त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "माझं मेडल आत स्वयंपाक करतंय."

राणेंची आठवण आज कुठे कुठे आहे? शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव होतं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर युद्धनौका संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यांतलं एक बेट त्यांचं. जहाज, पुतळा, बेट. सगळं समुद्राकडचं. आणि माणूस मात्र आयुष्यभर मातीत हात घालून रस्ता काढणारा.

म्हणून मला वाटतं, त्यांचं एक स्मारक आपल्या शिवारात व्हावं. दगडाचं नको.

आपल्याकडे रस्ता म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. अक्राणी, अक्कलकुवाच्या पाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. तो रस्ता सरकारने करायचा आहे आणि तो मागत राहिलंच पाहिजे. पण सपाटीवरच्या आपल्या गावांत पाणंद कुणी अडवली? शिवरस्त्यावर काटेरी फांद्या कुणी टाकल्या? बांधावरचा गाडीरस्ता दरवर्षी एकेक तास नांगरून कुणी बारीक केला? तिथे शत्रू वरून गोळ्या झाडत नव्हता. भाऊबंदच होते. आपणच होतो.

कायदा आहे, तो माहीत असावा. शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. अर्ज करताना सातबारा, नकाशा आणि वहिवाट कुठून होती याची माहिती सोबत ठेवा. पण कागदाच्या आधी एकदा समोरासमोर बसा. दोन पिढ्यांचा दावा चालवण्यापेक्षा दोन फूट बांध सोडणं स्वस्त पडतं. हे मी माझ्याच घरच्या अनुभवावरून सांगतोय. आमच्या आजोबांचा असाच एक वाद वडिलांनी एका दुपारी चहावर मिटवला. गेलेल्या तेरा वर्षांत दोन्हीकडचा ऊस डोक्यावरून वाहिला होता.

त्या दिवशी माझा माल दीड दिवस पडून राहिला, थोडी पपई पिवळी होऊन गेली, व्यापाऱ्याने भाव पाडला. नुकसान झालं. पण अंधार पडल्यावर मागच्या दोन्ही बैलगाड्या त्या वळणावरून निघाल्या तेव्हा आप्पा कमरेवर हात ठेवून बघत उभे होते. गाडीवाल्याने "राम राम आप्पा" म्हटलं आणि पुढे गेला. एवढंच.

तुमच्या गावात कुणी जुने फौजी असतील तर त्यांच्याजवळ एकदा बसा. १९६५ आणि १९७१ बघितलेली माणसं आता थोडी उरली आहेत. युद्धाचं विचाराच, पण परत आल्यावर काय केलं तेही विचारा. शेत कसं लावलं, पोरं कशी शिकवली. आणि त्यांच्या घरच्या बाईलाही विचारा. लिहून ठेवा. पोरांच्या वहीत ठेवा, पण ठेवा.

वाफसा आला की हरभऱ्याची नोंद टाकतो. तोपर्यंत बांधावर फांदी पडलेली दिसली तर उचला, कुणी टाकली ते नंतर बघू.

राम राम.